आधी व्होल्ट मोजा



"तुझ्या क्षेत्राबद्दल काहीतरी बोल," असं संयोजकांनी मला सांगितलं. माझं क्षेत्र सॉफ्टवेअर. त्यावर पंधरा मिनिटं बोलले, तर जेवणाची घंटा व्हायच्या आत निम्मा हॉल पेंगेल. म्हणून आज सॉफ्टवेअर बाजूला ठेवते. आपल्या शाळेतल्या मुलांनी बनवलेला एक रोबो चालता चालता का अडखळत होता आणि त्याचा दोष कसा सापडला, एवढंच सांगते. त्यात लागलेलं शास्त्र जवळजवळ सगळं आपल्याला याच इमारतीत शिकवलेलं आहे. तेव्हा काही चुकलं, तर पहिल्या रांगेतून सर मला थांबवतीलच.

नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब सुरू झाल्या, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. आपल्या शाळेतली लॅब जुन्या भूगोलाच्या खोलीत आहे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर तिथल्या बाईंनी मला फोन करून बोलावलं. मुलांचा रोबो स्पर्धेसाठी तयार होत होता आणि तो काही केल्या नीट चालत नव्हता.

रोबो साधाच होता. पांढऱ्या फ्लेक्सवर काळी पट्टी असते, तिच्यावरून तो चालायचा. पिवळ्या गिअरच्या दोन मोटरी, ज्यांना दुकानदार 'बीओ मोटर' म्हणतात. मेंदू म्हणून अर्डुइनो नॅनो. मोटरींना वीज सोडायला एल२९८एन जातीचा लाल ड्रायव्हर. पोटाखाली पट्टी पाहणारे दोन आयआर सेन्सर. मुलांनी हे सगळं झिरो पीसीबीवर स्वतः सोल्डर करून जोडलं होतं. पुरवठ्याला नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी.

लक्षण असं, की रोबो हातात उचलून धरला की चाकं झकास फिरत. जमिनीवर ठेवला की एक धक्का देऊन पुढे जाई, थांबे, पुन्हा धक्का, पुन्हा थांबे. लॅपटॉपच्या यूएसबीला नॅनो जोडलेला असेल तर हे फारसं होत नसे, आणि केबल काढली की हटकून होई.

गटात चौघं होती. दोघांनी बोर्ड जोडला, एकानं सांगाडा आणि चाकं बसवली आणि आठवीतल्या एका मुलीनं प्रोग्रॅम लिहिला. यंत्र आपल्या मनानं थांबतंय, म्हणजे प्रोग्रॅममध्येच गडबड असणार, असं बाकीच्या तिघांनी ठरवून टाकलं होतं. त्या मुलीनं दोन आठवड्यांत तो प्रोग्रॅम सहा वेळा नव्यानं लिहिला. सहाही वेळा तिच्या वहीत तारखेसकट उतरवलेला होता. स्पर्धा नऊ दिवसांवर आली होती आणि तिनं बाईंना सांगून ठेवलं होतं, "माझं नाव काढा, दुसऱ्या कुणाला तरी घ्या." खरं सांगायचं तर रोबोपेक्षा मला त्या वाक्याची काळजी जास्त वाटली.

आमच्या धंद्यात हे भांडण जुनंच आहे. बोर्ड बनवणारा म्हणतो प्रोग्रॅम चुकला, प्रोग्रॅम लिहिणारा म्हणतो बोर्ड चुकला. बोट मात्र बहुतेक वेळा प्रोग्रॅमकडेच जातं, कारण तो बदलायला सोपा. बदलून पाहायला पैसे पडत नाहीत, हात भाजत नाही. पण पुरवठ्याला विचारल्याशिवाय मेंदूला दोष देता येत नाही. आणि पुरवठ्याला विचारायचं ते तोंडानं नाही, मीटरनं.

पहिला प्रश्न होता, रोबो थांबतो म्हणजे नेमकं काय होतं? प्रोग्रॅम कुठेतरी अडकतो, की नॅनो बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो? हे ओळखायला एक सोपी युक्ती आहे. प्रोग्रॅमच्या अगदी सुरुवातीला, जिथं तो एकदाच जातो तिथं, बोर्डावरचा दिवा तीनदा लुकलुकवायचा. त्या मुलीनं दोन मिनिटांत ते लिहिलं. रोबो जमिनीवर ठेवला. तीन लुकलुक, धक्का, थांबला. तीन लुकलुक, धक्का, थांबला. म्हणजे नॅनो दर वेळी नव्यानं जन्म घेत होता.

प्रोग्रॅममधल्या तर्कात चूक असेल, तर रोबो पट्टी सोडून भलतीकडे जाईल, गोल गोल फिरेल, नाहीतर एका जागी गप्प उभा राहील. पण चाकांवर वजन आलं की लगेच सगळं पहिल्यापासून सुरू होणं, हे लक्षण पुरवठ्याकडे बोट दाखवतं.

दुसरी परीक्षा मेंदूला वेगळं जेवण देण्याची. ड्रायव्हरच्या बोर्डावरून नॅनोला जाणारी पाच व्होल्टची तार काढली आणि नॅनोला फक्त लॅपटॉपची वीज दिली. मोटरी बॅटरीवरच ठेवल्या. दोन्हींचं ग्राउंड मात्र एकत्रच ठेवायचं, नाहीतर नॅनोचा इशारा ड्रायव्हरला समजत नाही. आता चाकांवर हातानं थोडा दाब देऊन पाहिलं. मोटरी कण्हल्या, पण नॅनो एकदाही बंद पडला नाही. प्रोग्रॅम तोच, मोटरी त्याच. बदलली ती फक्त मेंदूची वीज.

मग मीटर काढला. लॅबमध्ये तो होता, पण पाकिटात. मुलांनी बॅटरी तपासली होती का? हो, तपासली होती. रोबो बंद असताना. काटेकोर ९.२ व्होल्ट. "मॅडम, बॅटरी चांगली आहे," असं त्यांनी मला आल्या आल्याच सांगितलं होतं. यात त्यांची चूक नाही. बसलेल्या माणसाची नाडी पाहून त्याला डोंगर चढवेल की नाही हे कळत नाही, इतकंच. पुरवठा मोजायचा तो भार चालू असताना.

तशीच मापं घेतली आणि त्या मुलीनं वहीत कोष्टक आखलं. बॅटरीच्या टोकांवर, रोबो बंद असताना ९.२ व्होल्ट. चाकं हवेत फिरत असताना ८.१. जमिनीवर जोर लावताना ५.६, तोही थरथरता आकडा. त्याच वेळी स्विचच्या पलीकडे, ड्रायव्हरच्या टोकावर ४.९. आणि ड्रायव्हरच्या बोर्डावर जिथं पाच व्होल्ट मिळायला हवेत, तिथं ३.१.

आता हे गणित सरांच्या फळ्यावरचं आहे. ओहमचा नियम: विभवांतर म्हणजे धारा गुणिले रोध. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत बॅटरी म्हणजे दोन रेघा, एक लांब, एक आखूड. पण खऱ्या बॅटरीच्या पोटातही रोध असतो. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीत दीड व्होल्टचे सहा चिमुकले घट एकामागे एक जोडलेले असतात. ती नवी आणि अल्कलाइन असली, तरी तिचा अंतर्गत रोध साधारण दीड-दोन ओहम असतो, आणि वापरानं तो वाढत जातो. आमच्या वाचनांवरून हिशेब केला, तर तो तीन ओहमच्या आसपास आला. मोटरींनी जोर लावताना सव्वा अँपिअरच्या आसपास धारा मागितली, की बॅटरीच्या पोटातच साडेतीन-पावणेचार व्होल्ट खर्ची पडतात. ९.२ मधून ते वजा करा. आकडा समोर आहे.

आपल्या पिढीला हे वेगळं समजवायला नको. संध्याकाळी पिठाची गिरणी सुरू झाली की आसपासच्या घरातले पिवळे बल्ब क्षणभर मंद व्हायचे, आठवतंय? मोटर थांबलेली असते तेव्हा ती सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट धारा ओढते, आणि तेवढ्यापुरतं सगळ्यांच्या वाट्याचं विभवांतर कमी होतं. बीओ मोटरही तेच करते. आपल्या रोबोत गिरणी आणि बल्ब एकाच बॅटरीवर होते.

पुढची साखळी अशी. ड्रायव्हरच्या बोर्डावर पाच व्होल्ट तयार करणारा रेग्युलेटर असतो. त्याला आत येणारी वीज साधारण सात व्होल्ट तरी लागते, दोनेक व्होल्टचा फरक तो स्वतःकडे ठेवतो. आत ४.९ आले, तर बाहेर तीनच्या आसपास. नॅनोवरची चिप १६ मेगाहर्ट्‌झ वेगानं नीट चालायला सुमारे ३.८ व्होल्ट तरी हवेत. त्याखाली ती भरवशाची राहत नाही. आणि सुमारे २.७ व्होल्टवर तिच्यातला पहारेकरी तिला सरळ बंद करून ठेवतो. अर्धवट विजेवर चुकीचं काम करण्यापेक्षा थांबलेलं बरं, असा त्याचा हेतू. याला ब्राउनआउट म्हणतात.

मीटर तर ३.१ दाखवत होता, मग २.७ कुठून आले, असं एका मुलानं विचारलं. फार चांगला प्रश्न. साधा डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो आणि दाखवतो ती सरासरी. काही मिलिसेकंदांची खोल डुबकी त्याला दिसत नाही. ती पाहायला ऑसिलोस्कोप लागतो. पण मीटरचा आकडा थरथरतोय आणि सरासरीच ३.१ आहे, म्हणजे तळ त्याखाली असणार, एवढं समजायला ऑसिलोस्कोपची गरज नाही.

आता धक्क्यांचं कोडं सुटलं. मोटर सुरू झाली, व्होल्टेज पडलं, चिप बंद. चिप बंद, म्हणून मोटर बंद. मोटर बंद, म्हणून बॅटरी सावरली. बॅटरी सावरली, म्हणून चिप सुरू. चिप सुरू, म्हणून मोटर सुरू. रोबो जमिनीवर उठाबशा काढत होता.

बॅटरी हा मोठा दोष. पण कोष्टकात आणखी एक गोष्ट होती. बॅटरीपाशी ५.६ आणि स्विचच्या पलीकडे ४.९. मधले ०.७ व्होल्ट कुठे गेले? इथं एक पद्धत सांगते, जी कुठल्याही यंत्राला लागू पडते. मीटरची एक पिन तारेच्या एका टोकाला आणि दुसरी दुसऱ्या टोकाला लावायची आणि भार चालू ठेवायचा. चांगल्या तारेवर जवळजवळ शून्य दिसलं पाहिजे. असा एकेक तुकडा तपासत जायचं. निम्मं नुकसान त्या छोट्या सरकत्या स्विचमध्ये सापडलं आणि बाकीचं ग्राउंडच्या एका टाक्यात. वरून टाका चकचकीत, पण आत तार धरलेलीच नव्हती. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे याला 'ड्राय सोल्डर' म्हणतात. रोबो बंद असताना मीटरच्या बीपनं तपासलं, तर असा टाका बीप देतो आणि पास होतो. सव्वा अँपिअर जायला लागले की उघडा पडतो.

ग्राउंडची आणखी एक गंमत. मोटरींची परतीची धारा आणि सेन्सरचं ग्राउंड एकाच बारीक तारेतून बॅटरीकडे जात होतं. त्या तारेवर अर्धा व्होल्ट उभा राहिला, की सेन्सरचं 'शून्य' अर्ध्या व्होल्टनं वर सरकतं आणि तो पांढऱ्याला काळं म्हणू लागतो. मोटरींची जाड तार थेट बॅटरीपर्यंत वेगळी नेली आणि सेन्सर-नॅनोची वेगळी नेली, तेव्हा पट्टी ओळखण्यातली धरसोडही थांबली. त्या धरसोडीसाठी तिनं प्रोग्रॅममधल्या सेन्सरच्या मर्यादा चार वेळा बदलल्या होत्या.

मुलांना वाटत होतं, की एक मोठा कपॅसिटर लावला की झालं. कपॅसिटर म्हणजे गच्चीवरची टाकी. नळाचं पाणी क्षणभर कमी झालं तर टाकी सांभाळून घेते. पण टाकी किती मोठी, हे मोजायला हवं. १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून एक अँपिअर धारा घेतली, तर एका मिलिसेकंदात त्याचा एक व्होल्ट उतरतो. मोटर वेग घ्यायला त्याच्या कितीतरी पट वेळ लावते. म्हणजे कपॅसिटर छोटे हिसके सोसतो, मेलेली बॅटरी जिवंत करत नाही. तरीही तो हवाच. ड्रायव्हरच्या टोकांवर एक मोठा, नॅनोच्या पाच व्होल्टपाशी ०.१ मायक्रोफॅरडचा एक छोटा आणि ब्रशांच्या ठिणग्यांचा गोंगाट कमी करायला प्रत्येक मोटरच्या टोकांवर एकेक छोटा, असे ते लावले. मोठा लावताना अंगावरचा पट्टा ऋण टोकाकडे. उलटा लागला तर फुगतो, कधी फुटतो.

खरा उपाय बॅटरी बदलण्याचा. लिथियमचे घट जोरदार असतात, पण शॉर्ट झाले तर आग लागू शकते. आठवीच्या टेबलावर मला ते नको होते. त्याऐवजी रिचार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचे आठ पेन्सिल सेल एकामागे एक जोडले. प्रत्येकी १.२, म्हणजे ९.६ व्होल्ट. त्यांचा अंतर्गत रोध चौकोनी बॅटरीच्या मानानं फारच कमी. वर एक फ्यूज आणि जाड स्विच. सगळं जोडून पुन्हा तीच मापं, त्याच कोष्टकात शेजारच्या रकान्यात. जमिनीवर जोर लावताना ड्रायव्हरच्या टोकावर ९ च्या वर आणि पाचच्या जागी पाच. एका वेळी एकच बदल करायचा आणि प्रत्येक बदलानंतर मोजायचं, हा नियम मुलांनी शेवटपर्यंत पाळला. नाहीतर रोबो चालतो, पण कशामुळे चालला ते कळत नाही.

शेवटी प्रोग्रॅम. त्या मुलीला म्हटलं, "तुझी सगळ्यात पहिली आवृत्ती टाक." वहीतली पहिल्या तारखेची. तिनं टाकली. रोबो पट्टीवर ठेवला आणि तो चालू लागला. सहा वेळा खोडून लिहिलेला प्रोग्रॅम पहिल्या वेळीच बरोबर होता. कुणी काही बोललं नाही. बोर्ड जोडणाऱ्या दोघांपैकी एकानं आपल्या जवळचा स्क्रू-ड्रायव्हर उचलून तिच्या डब्यात ठेवला. मुलांची माफी मागायची पद्धत असावी. त्यानंतर तिनं आपण होऊन एक भर घातली. मोटरी एकदम पूर्ण वेगानं न सोडता अर्ध्या सेकंदात हळूहळू वाढवत न्यायच्या. त्यानं सुरुवातीची ओढच कमी होते. आदल्या दिवशी गिरणीची गोष्ट ऐकून तिला ते सुचलं होतं.

आता कुणी म्हणेल, प्रत्येक वेळी पुरवठाच दोषी का? अजिबात नाही. ४ जुलै १९९७ ला पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं. काही दिवसांत त्याचा संगणक मधूनमधून आपोआप रिसेट होऊ लागला. तिथं दोष प्रोग्रॅममध्येच निघाला. कमी महत्त्वाच्या कामानं धरून ठेवलेल्या गोष्टीसाठी जास्त महत्त्वाचं काम अडकून पडत होतं. पण तो कसा सापडला? अभियंत्यांनी पृथ्वीवर ठेवलेल्या तशाच यंत्रावर तीच परिस्थिती उभी केली, दोष पुन्हा घडवून पाहिला, मग दुरुस्ती इथून पाठवली. आधी पुरावा, मग दोषारोप. क्रम तोच.

स्पर्धेचं काय झालं, तेही सांगते. बक्षीस मिळालं नाही. दुसऱ्या शाळांचे रोबो जास्त वेगवान होते. आपल्या रोबोनं मात्र तीनही फेऱ्या न थांबता पूर्ण केल्या आणि ती मुलगी गटात होती. आता लॅबमध्ये कुणाचं काही बिघडलं की मीटर तिच्याकडे असतो, आणि ती पहिला प्रश्न विचारते, "भार चालू असताना मोजलंस का?"

मित्रांनो, आज आपण शाळेला काय द्यायचं याची चर्चा दुपारनंतर आहे. नवीन किट घेऊ, असं बरेच जण म्हणतायत. माझी विनंती वेगळी आहे. किट पुष्कळ आहेत, खोक्यांत आहेत. प्रत्येक टेबलाला एक मल्टिमीटर द्या, काही शे रुपयांत येतो. चांगले रिचार्जेबल सेल, चार्जर आणि फ्यूज द्या. आणि त्याहून महाग असं काही देता आलं, तर महिन्यातल्या एका शनिवारचे दोन तास द्या. आपल्यात वायरमन आहेत, ट्रॅक्टरची मोटर बांधणारे आहेत, मोबाइल दुरुस्त करणारे आहेत. ड्राय सोल्डर माझ्यापेक्षा तुम्ही लवकर ओळखाल. मुलांना उत्तर सांगू नका. त्यांच्याजवळ बसा आणि मीटर त्यांच्या हातात राहू द्या.

कारण अशा लॅबमध्ये काही चाललं नाही, की सगळ्यात लवकर हार मानतं ते यंत्र नव्हे. ज्याच्याकडे बोट दाखवलं जातं, ते मूल. पुढचा रोबोही अडखळणारच आहे. तो अडखळेल त्या शनिवारी आपल्यापैकी कुणीतरी तिथं असावं. नावं लिहायला वही दाराशी ठेवली आहे. पहिलं नाव मी लिहिलंय.